मॉस्फेट पुन्हा पुन्हा का जळतो? गेटचं व्होल्टेज सोर्सपासून मोजा

ब्रम्हपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात गावातला सौर पथदिवा बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या रस्त्यावर अंधार पडला की संध्याकाळनंतर माणसं घराबाहेर पडायला धजत नाहीत. शेतातल्या सौर कुंपणाचंही तसंच. धान निसवलेलं असताना झटका देणारं यंत्र मुकं झालं, तर रानडुकरं एका रात्रीत बांधीच्या बांधी तुडवून जातात. दोन्हीकडे बिघाड शोधत गेलं की फार वेळा हाती एकच वस्तू लागते : तीन पायांचा, धातूच्या पाठीचा मॉस्फेट. दुरुस्त करणारा तो काढतो, तसाच दुसरा बसवतो, दिवा लागतो. काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा टेबलावर येतो.

मग ‘माल नकली होता’ असा निकाल लागतो. नकली माल बाजारात आहे, हे खरंच. पण अस्सल मॉस्फेटही असाच जळू शकतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा त्याच्या गेट आणि सोर्स या दोन पायांमधल्या व्होल्टेजमध्ये दडलेलं असतं. आपल्याकडे मॉस्फेट निवडताना व्होल्ट आणि अँपिअर हे दोनच आकडे पाहायची सवय आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतली मुलं, गावात सौर साहित्य दुरुस्त करणारे आणि शाळेत विज्ञान प्रकल्प करून घेणारे शिक्षक यांनी तिसरा आकडा पाहायची सवय लावावी, एवढ्यासाठी हा लेख.

मॉस्फेट हा विजेवर चालणारा स्विच समजू. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी तो घडवला. त्याचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स. नेहमीच्या मोठ्या पॅकिंगचा मॉस्फेट, नाव वाचता येईल असा समोर धरला, तर डावीकडून याच क्रमानं हे पाय येतात. पाठीचा धातू आतून ड्रेनला जोडलेला असतो. करंट वाहतो तो ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये. गेट मात्र आत कशालाच चिकटलेलं नाही. त्याच्या आणि सिलिकॉनच्या मध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ, वीज न वाहू देणारा थर असतो. त्यामुळे गेट स्थिर अवस्थेत जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ते फक्त सोर्सच्या तुलनेत किती व्होल्ट वर आहे, यावर खालची वाट उघडते किंवा मिटते.

आपल्या भागात सर्रास मिळणाऱ्या आयआरएफझेड ४४ एन या मॉस्फेटचा माहितीतक्ता काढा. त्यात ‘थ्रेशोल्ड व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट’ असं लिहिलेलं दिसेल. इथेच पहिली गफलत होते. ४ व्होल्टला मॉस्फेट चालू होतो, मग ५ व्होल्ट दिले की झालं, असा हिशेब मांडला जातो. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा आकडा २५० मायक्रोअँपिअर करंटला मोजलेला आहे, म्हणजे एका अँपिअरचा चार हजारावा भाग. मामा तलावाचं दार किंचित उचललं की फटीतून पाणी झिरपायला लागतं. त्याला कोणी पाट सुटला म्हणत नाही. थ्रेशोल्ड म्हणजे ती झिरप. धंद्याचा आकडा त्याच तक्त्यात दुसरीकडे असतो : चालू स्थितीतला रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम, गेट-सोर्स व्होल्टेज १० असताना. ही ‘१० असताना’ची अट वगळली तर त्या १७.५ला काही अर्थ उरत नाही. ५ व्होल्टला किती रोध राहील याची हमी कंपनीनं दिलेलीच नाही. एखादा नग ५ व्होल्टवर चांगला चालेल, त्याच पाकिटातला दुसरा तापेल.

तापण्याचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्टची बॅटरी, ५ अँपिअरचा भार. गेटला पूर्ण १० व्होल्ट मिळाले तर मॉस्फेटमध्ये जाणारी वीज ५ गुणिले ५ गुणिले ०.०१७५, म्हणजे सुमारे ०.४४ वॉट. हीटसिंक नसताना हा मॉस्फेट दर वॉटमागे सुमारे ६२ अंश तापतो, म्हणजे इथे २७ अंश. चालून जाईल. आता गेटला अर्धवट व्होल्टेज मिळालं आणि ड्रेन-सोर्समध्ये फक्त १ व्होल्ट अडकून राहिला, असं धरा. १ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ५ वॉट, आणि हीटसिंकशिवाय ३१० अंशांची वाढ. त्या आधीच मॉस्फेटचा निकाल लागलेला असेल. गिऱ्हाइकाला दिवा नीट लागलेलाच दिसत होता. १२ पैकी ११ व्होल्ट दिव्याला मिळत असताना उजेडात फरक तो काय कळणार?

यात आपल्या उन्हाची भर. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर सहज जातो, ४७-४८ही पाहिलेले आहेत. खांबावरच्या बंद पत्र्याच्या डब्यात त्याहून जास्त. मॉस्फेट आतून १०० अंशांवर गेला की त्याचा चालू रोध थंड असतानाच्या दीडपटीच्या आसपास पोचतो; रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की रोध. म्हणून टेबलावर संध्याकाळच्या गारव्यात पास झालेली दुरुस्ती खांबावर नापास होते. म्हणून चालू रोध १७.५ मिलिओहम धरून हिशेब करू नका, २६ धरा.

दुरुस्तीत सगळ्यात महाग पडणारी चूक एका अक्षराची असते. आयआरएफझेड ४४ एन आणि आयआरएलझेड ४४ एन. दोन्ही ५५ व्होल्टचे, पहिला ४९ अँपिअरचा, दुसरा ४७. दिसायला जुळे. दुसऱ्याच्या नावातला ‘एल’ सांगतो की हा कमी गेट व्होल्टेजवर पूर्ण उघडण्यासाठी बनवलेला आहे : त्याचा रोध ५ व्होल्टला २५ मिलिओहम आणि ४ व्होल्टला ३५ मिलिओहम असल्याची हमी तक्त्यात दिलेली आहे. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पायावरून थेट चालणाऱ्या सर्किटमध्ये ‘एल’ काढून ‘एफ’ बसवला, तर आकडे जुळूनही मॉस्फेट तापणार. हल्ली एकाच डब्यात पॅनल, बॅटरी आणि दिवा असलेले स्वस्त पथदिवे येतात. त्यांतल्या बऱ्याच दिव्यांत ३.२ व्होल्टचे लिथियम सेल असतात. तिथे गेटला द्यायला मुळात तीनच व्होल्ट आहेत. अशा जागी एओ ३४०० सारखा मॉस्फेट लागतो, ज्याचा रोध २.५ व्होल्टलाही सांगितलेला आहे. ईएसपी ३२ वर प्रकल्प करणाऱ्या मुलांनीही हेच लक्षात ठेवावं, कारण त्याचा पाय ३.३ व्होल्टच्या वर जात नाही. नागपूरहून सुटे भाग मागवताना ‘४४ द्या’ एवढंच फोनवर सांगू नये.

आता मोजणीकडे वळू. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला चिमट्यानं लावून ठेवायची आणि लालनं सगळीकडे टोचत जायचं, ही आपली हातातली पद्धत. मॉस्फेटपाशी ती फसवते. काळी वायर सोर्सच्या पायावरच हवी. स्वस्त सौर चार्ज कंट्रोलरमध्ये प्लस सामाईक असतो आणि मॉस्फेट मायनसच्या वाटेत बसवलेले असतात. त्यामुळे पॅनलचा मायनस, बॅटरीचा मायनस आणि दिव्याचा मायनस हे तीन वेगळे बिंदू असतात. दिव्याच्या बाजूच्या मॉस्फेटचा सोर्स बहुधा बॅटरीच्या मायनसलाच असतो, म्हणून तिथे जुनी सवय चालून जाते. पॅनलच्या बाजूला मात्र रात्री बॅटरी उलटी पॅनलमध्ये रिकामी होऊ नये म्हणून अनेकदा दोन मॉस्फेट पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, आणि त्यांचा सोर्स बॅटरीच्या मायनसवर असेलच असं नाही. तिथे चुकीच्या बिंदूपासून मोजलं तर चांगलं सर्किट बिघडलेलं वाटतं.

प्लसच्या वाटेतला पी-चॅनल मॉस्फेट तर पूर्ण उलटा वाचावा लागतो. आयआरएफ ९५४० एन घ्या. त्याचा सोर्स बॅटरीच्या प्लसला असतो आणि गेट सोर्सपेक्षा १० व्होल्ट खाली गेलं की तो उघडतो. काळी वायर बॅटरीच्या मायनसला ठेवून गेटवर शून्य दिसलं, तर नवखा माणूस म्हणेल, ‘गेटला सप्लायच नाही.’ प्रत्यक्षात गेट सोर्सपेक्षा १२ व्होल्ट खाली आहे आणि मॉस्फेट पूर्ण उघडा आहे.

एन-चॅनल मॉस्फेट प्लसच्या वाटेत बसवला तर वेगळीच गंमत. मॉस्फेट उघडायला लागला की सोर्सचं व्होल्टेज वर चढतं आणि गेट-सोर्समधलं अंतर कमी होत जातं. गेटला बॅटरीचेच १२ व्होल्ट दिलेले असतील, तर सोर्स आठ-नऊ व्होल्टच्या आसपास अडकतो. दिवा मंद, मॉस्फेट भाजणारा. तिथे गेटला बॅटरीच्याही वर दहा-एक व्होल्ट हवे असतात. ई-रिक्षाच्या मोटर कंट्रोलरमध्ये ते देण्यासाठी आयआर २११० किंवा आयआर २१०४ अशी ड्रायव्हर आयसी, डायोड आणि छोटा कपॅसिटर असतो. वरच्या बाजूचे मॉस्फेट पुन्हा पुन्हा जात असतील तर त्यांना दोष देण्याआधी हा कपॅसिटर बदलून पाहा. दोन-पाच रुपयांची वस्तू आहे.

कमी व्होल्टेज मॉस्फेटला हळूहळू मारतं, जास्त एका झटक्यात. आयआरएफझेड ४४ एनच्या गेट-सोर्सला कमाल मर्यादा २० व्होल्टची, प्लस किंवा मायनस. आयआरएलझेड ४४ एनला १६ ची. एओ ३४०० ला १२ ची. जो कमी व्होल्टेजवर लवकर उघडतो त्याचं छतही खाली असतं, हे निवडताना विसरलं जातं. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. गेट थेट बॅटरीवर असेल तर एओ ३४०० तिथेच संपला. २४ व्होल्टच्या संचात चार्जिंगच्या वेळी २८.८ व्होल्ट असतात, तिथे कुठलाच नेहमीचा मॉस्फेट तग धरणार नाही. उपाय स्वस्त आहे. गेट आणि सोर्सच्या मध्ये १२ व्होल्टचा झेनर, पट्टीची बाजू गेटकडे, आणि गेटकडे येणाऱ्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर. २८.८ मधले १२ व्होल्ट झेनर धरून ठेवतो, उरलेले रेझिस्टरवर पडतात, आणि करंट जेमतेम १.७ मिलिअँपिअर. पी-चॅनल असेल तर झेनर उलटा, पट्टी सोर्सकडे. दिवा संध्याकाळी लावायचा आणि पहाटे विझवायचा, एवढ्या संथ कामाला हे पुरे. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करायची असेल तर १० किलोओहम फार जास्त होतो.

पावसाळ्यात येणारी तक्रार वेगळी असते : ‘दिवा भरदिवसा मंद लागून राहतो.’ भामरागड-एटापल्लीकडचा पाऊस, डब्यात शिरलेला दमटपणा, मुंग्यांनी आणलेली माती, बोर्डावर साचलेला मळ. या सगळ्यातून प्लस आणि गेट यांच्यामध्ये वीज झिरपायला वाट मिळते. गेट आणि सोर्सच्या मध्ये गेट खाली ओढून धरणारा रेझिस्टर असतो. तो १ मेगाओहमचा असेल आणि मळाची वाट २ मेगाओहमची, तर १२ व्होल्टपैकी ४ व्होल्ट गेटवर येऊन बसतात. नेमका थ्रेशोल्डचा पट्टा! दिवा धड बंद नाही, धड चालू नाही, आणि मॉस्फेट तापतोय. त्यातही तापलेल्या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड खाली येतो, म्हणजे अर्धवट उघडणं आणखी सोपं. त्याच जागी १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर गेटवर ०.०६ व्होल्ट उरतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रशनं धुऊन, वाळवून, वर वार्निश मारावं. रेझिस्टर बदलणं मात्र टाळू नये.

हा रेझिस्टर तुटलेला असेल तर एक मजेशीर लक्षण दिसतं. गेट मोकळं लोंबकळत असतं, दिवा आपोआप लागलेला असतो, आणि गेटवर मीटर टेकवलं की विझतो. मीटरमध्ये भूतबाधा नाही. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम. गेटवर साठलेला थोडासा विद्युतभार त्यातून सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात निघून जातो. मीटर लावल्यावर बिघाड पळाला, तर गेटचा रेझिस्टर तपासा.

हे सगळं वाचण्यापेक्षा एकदा हातानं केलेलं बरं. १२ व्होल्टची बॅटरी, मोटरसायकल किंवा कारचा २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब, आयआरएफझेड ४४ एन, आणि १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घ्या. बॅटरीच्या प्लसपासून बल्ब, बल्बपासून ड्रेन, सोर्स बॅटरीच्या मायनसला. आधी पोटेन्शिओमीटर न लावता गेटला वायरनं प्लसचा नुसता स्पर्श करून वायर काढून घ्या. बल्ब लागतो आणि लागलेलाच राहतो. ओल्या बोटानं गेट आणि सोर्स एकत्र दाबले की विझतो. गेट करंट घेत नाही, भार साठवतं, हे मुलांना पाटीवर समजावण्याची मग गरज पडत नाही. वायर काढताच बल्ब आपोआप मंद होत गेला, तर त्या नगाचं गेट गळतं आहे; तो वापरू नका.

नंतर पोटेन्शिओमीटरची दोन टोकं बॅटरीला आणि मधला पाय गेटला जोडा. एक मीटर गेट-सोर्सवर, दुसरं ड्रेन-सोर्सवर. हळूहळू फिरवत जा. तीन-साडेतीन व्होल्टच्या आसपास बल्बची तार लालसर होईल, पुढच्या थोड्याच फिरवण्यात उजेड भरेल. डोळ्याला वाटेल, झालं. ड्रेन-सोर्सवरचं मीटर मात्र अजून खाली येत असतं, आणि गेटवर १० व्होल्ट आल्यावर ते तीसेक मिलिव्होल्टवर स्थिरावतं. पावणेदोन अँपिअर गुणिले १७.५ मिलिओहम एवढंच येतं. बल्ब अर्ध्या उजेडात असताना थांबू नका. त्या वेळी मॉस्फेट सहा-सात वॉट खात असतो आणि पाठीला लावलेलं बोट भाजतं. थांबायचंच असेल तर आधी हीटसिंक लावा. मीटरच्या डायोड मोडवर मॉस्फेट तपासणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं की त्या मोडमध्ये मीटर तीनेक व्होल्टच देतं. थ्रेशोल्ड साडेतीन असलेला चांगला मॉस्फेट त्या परीक्षेत नापास होतो आणि विनाकारण कचऱ्यात जातो.

उघडझाप वेगानं करायची असते तिथे गेट-सोर्स व्होल्टेज किती, याच्या जोडीला ते किती लवकर चढतं हाही प्रश्न येतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं ठाणं. रंगमंचावरचे एलईडी दिवे मंद-प्रखर करायला कोणी हौशी पोरगा मायक्रोकंट्रोलर आणि मॉस्फेट घेऊन डिमर करायला बसला, तर त्याला हा हिशेब लागेल. आयआरएफझेड ४४ एनच्या गेटमध्ये पूर्ण उघडेपर्यंत ६३ नॅनोकुलंबपर्यंत भार ओतावा लागतो. मायक्रोकंट्रोलरचा पाय २० मिलिअँपिअर देत असेल तर त्याला ३ मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात. सेकंदाला पाचशे वेळा उघडझाप असेल तर हा वेळ नगण्य. पन्नास हजार वेळा असेल तर पूर्ण फेराच २० मायक्रोसेकंदांचा. उघडताना तीन आणि मिटताना तीन गेले म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेळ मॉस्फेट अर्धवट अवस्थेत तापत राहणार. तिथे गेट ड्रायव्हर आयसी हवीच. आणखी एक, डिमर चालू असताना साधं मीटर गेटवरची सरासरी दाखवतं. अर्धा वेळ १० आणि अर्धा वेळ शून्य असेल तर मीटरवर ५ दिसतील. त्यावरून गेटला कमी व्होल्टेज मिळतंय असं ठरवू नका. डिमर पूर्ण प्रखर करून मोजा किंवा ऑसिलोस्कोप वापरा.

सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरमध्ये मोठ्या क्षमतेला मॉस्फेटऐवजी आयजीबीटी असतात आणि आत शेकडो व्होल्टचा डीसी असतो. शिकाऊ माणसानं त्याचं झाकण उघडू नये.

कुंपणाच्या झटका-यंत्राबद्दल मात्र थोडं सविस्तर. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणं आली, आणि दुरुस्तीसाठी ती यंत्रं गावातल्याच दुकानात येतात. बहुतेकांची रचना अशी : मॉस्फेट १२ व्होल्टचा डीसी वेगानं तोडून ट्रान्सफॉर्मरमध्ये ढकलतो, त्यातून कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरतो, आणि साधारण सेकंदाला एकदा थायरिस्टर तो कपॅसिटर दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो. तारेवर काही हजार व्होल्टचा, पण क्षणभराचाच ठोका जातो. जनावर दचकतं, मरत नाही. यंत्र बंद पडलं म्हणून घरची वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यात आपल्या जिल्ह्यांत वाघही मेले आहेत आणि माणसंही.

यंत्र उघडल्यावर बॅटरी काढा आणि पहिल्यांदा तो कपॅसिटर काही किलोओहमच्या, पाच वॉटच्या रेझिस्टरनं रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. मग मॉस्फेटचा गेट-सोर्स रोध मोजा. तो काही ओहम दाखवत असेल तर ऑक्साइड फुटलेलं आहे, आणि फुटताना ड्रेनचं व्होल्टेज गेटमार्गे मागे गेलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणून नवा मॉस्फेट बसवण्याआधी गेटच्या वाटेतला रेझिस्टर आणि त्यामागची आयसी तपासा, नाहीतर नवाही पहिल्याच मिनिटात जाईल. या यंत्रात ट्रान्सफॉर्मरचा उलटा धक्का ड्रेनवर येतो, त्यामुळे ५५ व्होल्टच्या जागी १०० व्होल्टचा आयआरएफ ५४० एन बसवण्याचा मोह होतो. ड्रेनच्या दृष्टीनं तो ठीक. पण त्याचा रोध १० व्होल्ट गेटला ४४ मिलिओहम, म्हणजे अडीचपट, तेव्हा हीटसिंक त्या हिशेबानं वाढवा. शेवटी बॅटरी मुद्दाम उतरलेली, १०.५ व्होल्टच्या आसपासची लावून यंत्र अर्धा तास चालवा आणि मॉस्फेटला हात लावून पाहा. ढगाळ आठवड्यात बॅटरी उतरते, गेटला मिळणारं व्होल्टेजही तिच्याबरोबर उतरतं, आणि रानडुकरं यायची ती त्याच रात्री येतात.